लोसालीने हरवली नव्हती

शेजारच्या सेमिसीची लोसालीने नावाची थोरली बहीण भाचीच्या लग्नासाठी टोंगातल्या वावाऊ बेटावरून ऑकलंडला आली, तेव्हा तिने जन्मात पहिल्यांदाच देश सोडला होता. आम्हां टोंगन लोकांत भावाच्या घरात बहिणीचा मान सगळ्यांत मोठा. ती बसेल तिथे तिच्यासाठी चटई, पहिलं ताट तिचं, आणि दिमतीला सतत कोणीतरी. त्यात काही उणं राहिलं तर नाव खराब होतं ते भावजयीचं. आणि विका, सेमिसीची बायको, नाव खराब होऊ देणाऱ्यांतली नव्हे.

मी शेजारीण. कुंपणावरून सगळा तमाशा बघायचे. लोसालीने पाणी प्यायला उठली तरी विका आतून ओरडायची, "अगं, आत्या उठल्या बघ!" की तिच्या दोन्ही पोरी पेला घेऊन धावत. बिचारी पुन्हा बसायची. एकदा न राहवून मी विकाला म्हटलं, "अगं, तिला जरा पाय तरी मोकळे करू दे."

"तुझी नणंद येईल ना, पिसिला, तेव्हा तू कर तिचे पाय मोकळे," विका म्हणाली. हिच्या तोंडाला कोण लागणार?

लग्न थाटात झालं. नंतर एका सकाळी विका पोरींना घेऊन चर्चच्या हॉलची भांडी परत करायला गेली. परत येऊन बघते तर लोसालीनेची खोली रिकामी. पलंगावर तिची कमरेची चटई नीट घडी घालून ठेवलेली. ती विणलेली चटई कमरेला गुंडाळल्याशिवाय आमच्यातली मानाची बाई चारचौघांत जात नाही. विका ती घडी छातीशी धरून माझ्या कुंपणाशी आली, तोच तिचा फोन वाजला. आमच्याच चर्चचा सिओसाइआ होता. तो बस चालवतो.

"काकू, घरी सगळं ठीक आहे ना? आत्या एकट्याच माझ्या बसने शहरात उतरल्या. मी विचारलं कुठे निघालात, तर म्हणाल्या समुद्र बघायला. बेटावरची बाई समुद्र बघायला कशाला जाईल?"

सिओसाइआला कळलं म्हणजे त्याच्या आईला, तोआकासेला कळलं, आणि तोआकासेला कळलं म्हणजे सगळ्या चर्चला कळलं. विकाने फोन बंद केला.

"लोक म्हणतील, हिने नणंदेला उपाशी ठेवून घराबाहेर काढली," ती म्हणाली. "पिसिला, व्हॅन काढ."

शहरभर फिरफिर फिरलो. दुपार कलली तेव्हा ती सापडली, फेरीबोटीच्या धक्क्यावर. पलीकडच्या किनाऱ्यावर जाऊन, तिथली टेकडी चढून, दुकानं बघून परत आली होती. बाकावर बसून कागदातले बटाट्याचे चिप्स खात होती. पायांत नवेकोरे लाल बूट, आणि ते पाय ती ऐटीत हलवत होती. मी तिला इतके दिवस बघत होते, पण त्या तोंडावर तसलं हसू कधी पाहिलं नव्हतं. आम्ही दिसलो आणि तिने चिप्सचा कागद पाठीमागे लपवला. साठीची बाई. मला कुठे बघू नि कुठे नको असं झालं.

विकाने आधी ती चटई तिच्या कमरेला गुंडाळली, दोरी घट्ट बांधली. लोसालीनेने हात वर करून बांधून घेतली. मग वाकून बूट काढले, पिशवीतल्या जुन्या चपला घातल्या.

व्हॅन घराकडे निघाली. मग लोसालीने म्हणाली, "तुझ्या घरचं सोडून बाहेर खाल्लं. चुकलं माझं, वहिनी."

"भूक लागली होती तर मला सांगायचं होतं, वन्सं."

"भूक नव्हती लागली."

मी आरशातून बघितलं. ती खिडकीकडे तोंड करून बोलत होती.

"दुकानातल्या मुलीने विचारलं, तुम्हाला कुठला रंग आवडतो. मला उत्तरच येईना. नुसती उभी राहिले. इतकी लाज वाटली, वहिनी. मग ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली, तेव्हा मीच हे उचलले." आणि घाईघाईने तिने बूट विकाच्या मांडीवर ठेवले. "तुझ्यासाठीच घेतलेत."

विकाची पावलं शाळकरी पोरीएवढी. ते बूट कोणाच्या मापाचे होते ते आंधळ्यालाही कळलं असतं. "छान आहेत," विका म्हणाली.

रविवारी प्रार्थना झाल्यावर जेवणाच्या टेबलापाशी तोआकासेने गाठलंच. "काय गं विका, नणंदेला एकटीने फिरावं लागतं म्हणे? घरात माणसं कमी पडली की जेवण?"

विका ते लाल बूट, पुढे कागद कोंबून, घालून आली होती. ती नुसती खाली बुटांकडे बघत राहिली. तेव्हा चटईवरून लोसालीने उठली.

"माझीच फजिती झाली, बायांनो. दारापर्यंत म्हणून गेले आणि रस्ताच चुकले. भलत्याच बसमध्ये चढले. म्हातारपण, दुसरं काय! ही वणवण फिरली म्हणून सापडले, नाहीतर रडत बसले असते."

सिओसाइआने तोंड उघडलं, पण लोसालीनेने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो मुकाट ताटात बघून जेवू लागला. बाया हसल्या. तोआकासेच जास्त हसली, लोसालीनेच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "वेडी गं बाई." विकाची अब्रू वाचली.

पण त्या दिवसापासून लोसालीने चर्चमधल्या सगळ्यांसाठी हरवणारी आत्या झाली. दारात गेली तरी कोणीतरी तिचा हात धरायचं. ती धरू द्यायची.

परतीच्या दिवशी तिला पोचवायला निम्मं चर्च विमानतळावर लोटलं. गळ्यात हारांवर हार पडले. तोआकासे लगबगीने काउंटरवरून दोरीचं एक कार्ड आणि एक मदतनीस मुलगी घेऊन आली. ज्यांना एकट्याने वाट सापडत नाही अशा प्रवाशांसाठी असतं ते कार्ड.

"घाल गं तिच्या गळ्यात," ती विकाला म्हणाली. "तिकडे पुन्हा हरवायची."

विकाने कार्ड घेतलं, पण तिचे हात उचलेनात. डोळ्यांतून पाणी गळत होतं. "नको, वन्सं," ती हळूच म्हणाली. "मी सांगते सगळ्यांना खरं काय ते. लाज मला वाटायला हवी."

"लोक बघतायत, वहिनी," लोसालीने तितक्याच हळू म्हणाली. "घाल."

विका हलेना. मग लोसालीनेनेच ते कार्ड तिच्या हातातून काढून घेतलं, स्वतःच्या गळ्यात घातलं, हारांखाली गेलं होतं ते सगळ्यांना दिसेल असं वर ओढलं, आणि त्या मुलीने धरण्याआधीच आपला हात पुढे केला.