आत्याने निवडलेला प्लेअर

आज गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर, जिथे म्हशी उभ्या करून समोर धार काढून दूध विकतात, भिजलेल्या सरकी पेंडीचा वास आला आणि मी अनेक वर्षांमागच्या एका दुकानात जाऊन उभी राहिले.

कागलची माझी आत्या गात गात धार काढी; तिच्या लुगड्याला कायम हाच वास असे. त्या गाण्याशिवाय तिची म्हैस पान्हा सोडत नसे. आत्याच्या गळ्याची शस्त्रक्रिया जवळ आली होती आणि नंतर आवाज राहील, अशी खात्री डॉक्टर देत नव्हते. तो आवाज भरून ठेवण्यासाठी आम्ही एमपीथ्री प्लेअर घ्यायला आलो होतो.

दुकानदाराने रंगीत पडद्याचा, आरशासारखा तकतकीत प्लेअर पुढे ठेवला. मी भाळले. आत्याने मात्र इअरफोनच्या वायरी बोटांवर तोलल्या.

"पावणं, ह्या वायरी म्हशीच्या कानात घालू व्हय?"

हसत त्याने दुसरा काढला: ओबडधोबड, पण अंगचा स्पीकर असलेला. आत्याने डोळे मिटून त्याची बटणे चाचपली.

"ह्यो बरा. धारंला हात वलं असत्यात, बटान मोठंच पायजे."

"आवाज भरून बघा की, मावशी."

त्याने दुकानातले टीव्ही बंद केले. आत्या गाऊ लागली आणि तिच्या मुठी काउंटरवर धारेच्या लयीत मिटू-उघडू लागल्या. सायीसारखा दाट, उबदार सूर. त्या दिवशी मला तिच्या व्यवहारचातुर्याचे कौतुक वाटले होते. तिचे धैर्य आज दिसते.

भरलेले गाणे तिने कान देऊन ऐकले आणि मान हलवली.

"घाई झाली. म्हस बुजंल. परत भरू."

मग ती पुन्हा गायली, अगदी सावकाश.