उरलेला डोळा

उजवा डोळा मी पोस्टवर गमावला. डावा घरी, शांती नगरमध्ये, जायच्या बेतात होता.

पोस्ट नियंत्रण रेषेवर होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. लान्स नाईक डेनिस माझा रेडिओ ऑपरेटर. मी भाईंदरच्या मिठागरवाल्यांच्या घरातला, तो उत्तनचा, कोळ्याचा. पलटणीत हिंदी चालायची, पण दोघंच असलो की आम्ही आपल्या बोलीत बोलायचो. रोजचा दिवस ठरलेला असे. उजाडायच्या आधी स्टँड-टू, म्हणजे सगळे मोर्चावर सज्ज, मग हत्यारांची सफाई, चहा, ड्युटी.

त्या दिवशी चहा झाला होता. पहिला गोळा बंकरच्या तोंडाशी पडला. मी उठून बसलो तेव्हा मला काहीच दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत माती आणि रक्त.

"डेनिस?"

"हाय दादा. पोटात लागलाय. हात उचलत न्हाय. सेट तुझ्या डाव्या हाताला हाय. खाली. आजून खाली."

सेट मिळाला. डेनिसला बंकरच्या फटीतून समोरचा डोंगर दिसत होता. तो सांगत गेला, मी सेटवर बोलत गेलो.

"टायगर वन फॉर टायगर. नाले के ऊपर, अकेला पेड़. उसके दाहिने से फायर. ओव्हर."

"टायगर. मिल गया. आउट."

आमच्या तोफा सुरू झाल्या.

"बरोबर पडला," डेनिस म्हणाला. त्यानंतर तो बोलला नाही.

उजवा डोळा डॉक्टरांनी काढला, डावा वाचला. उरलेली नोकरी मी स्टोअरमध्ये केली आणि पेन्शनवर घरी आलो. डेनिसच्या मातीला मला जाता आलं नाही, तेव्हा मी हॉस्पिटलात होतो. पुढे उत्तनला त्याच्या आईकडे जात राहिलो. तिला मी माय म्हणतो.

मग डाव्या डोळ्यात मोतिबिंदू उतरला. आधी बसचा नंबर दिसेना, मग बसच. एकदा घरासमोरचा रस्ता ओलांडताना रिक्षा अगदी अंगावर आली. रिक्षावाला ओरडला, "चाचा, दिखता नहीं क्या?"

"नहीं दिखता," मी म्हणालो. तो खाली उतरला आणि हात धरून मला पलीकडे सोडून गेला. त्याच दिवशी मी ऑपरेशनचं ठरवलं.

सगळ्यांचा विरोध होता. धाकटा भाऊ म्हणाला, थोडं दिसतंय ते तरी राहू दे. डॉक्टरबाईंनीही काही लपवलं नाही.

"काका, तुमचा एकच डोळा आहे. मोतिबिंदू कडक झालाय. ऑपरेशनमध्ये काही झालं, तर दुसरा डोळा नाही."

"नाही केलं तर?"

"तर हाही हळूहळू जाईल."

"मग तारीख द्या."

ऑपरेशनला मी जागाच होतो. वर पांढरा उजेड आणि बाईंचा आवाज. "दिव्याकडे बघा. हलू नका." मी हललो नाही. कुणाच्या तरी आवाजावर विसंबून पडून राहायची मला सवय होती.

पट्टी बांधल्यावर पूर्ण अंधार झाला. भिंतीला हात लावून मी बाथरूमचा रस्ता पाठ केला. बायको, सुनंदा, मागे होती. मी तिला हात धरू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. समोर नुसता पांढरा धूर.

"बोटं दिसतायत?" बाईंनी विचारलं.

"नाही."

सुनंदाचा श्वास मला ऐकू आला. बाईंनी बराच वेळ तपासलं. "बुबुळाला सूज आहे. मोतिबिंदू काढायला जोर लागला. सूज उतरेल असं मला वाटतं. खात्री देत नाही."

"मी काय करायचं?"

"ड्रॉप वेळेवर. चोळायचं नाही, वाकायचं नाही. आणि धीर धरायचा."

ती ऑर्डर होती. मी ती पाळली. सुनंदा "अहो, वर बघा" म्हणायची, मी वर बघायचो. रोज खिडकीकडे तोंड करून बसायचो. धूर काही हलत नव्हता. मनात काय काय आलं ते सांगत नाही. पण एकही ड्रॉप चुकला नाही.

मग एका सकाळी धुरात काळ्या रेघा उमटल्या. समोरच्या बिल्डिंगची ग्रिल. दोन दिवसांनी ग्रिलवर वाळत घातलेली चौकड्यांची लुंगी दिसली. पुढच्या आठवड्यात सुनंदाचा चेहरा स्पष्ट दिसला.

"तू कधी एवढी पिकलीस गं?"

"तुम्ही बघत नव्हता तेव्हा," ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसायला लागली.

बाईंनी प्रवासाला परवानगी दिली, तसा मी उत्तनला गेलो. माय ओट्यावर बसली होती. मी समोर उभा राहिलो तरी तिने मान उचलली नाही. आवाज दिल्यावर हसली.

"वसंता, आयलास? दिसतं का रं तुला आता?"

दिसत होतं. तिच्या डोळ्यांतल्या दोन्ही बाहुल्या दुधासारख्या पांढऱ्या झालेल्या मला पहिल्यांदाच दिसल्या.

"माय, तुला दिसतं का?"

"मना काय बघायचा हाय आता?" मग हळूच म्हणाली, "कापतान, मंग पट्टी बांधतान. त्या आंधाराचा मना भ्या वाटतं."

"मी बाजूला बसून बोलत राहीन," मी म्हणालो. "त्यात भ्यायचं काही नसतं. मला माहीत आहे."

तिच्या घरच्यांशी बोललो. त्याच डॉक्टरबाईंकडे तिला नेलं. पट्टी होती तोवर मी खाटेजवळ बसून बोलत राहिलो. बोलता बोलता तिला बंकरमधलं सगळं सांगितलं. डेनिसने मला कशी वाट दाखवली, शेवटी काय म्हणाला. तिने एकदाही मला थांबवलं नाही.

तिचा डोळा चांगला निघाला. घरी आल्यावर ती सरळ भिंतीवरच्या फोटोपाशी गेली. डेनिस युनिफॉर्ममध्ये. ती बराच वेळ बघत होती.

"गल्याचा बटन लावला न्हाय यानं," ती म्हणाली. "फोटो काढतानापन."

"परेडलाही लावायचा नाही, माय," मी म्हणालो. "मी रोज ओरडायचो. ऐकायचाच नाही."

"मना तरी कवा ऐकला?" माय म्हणाली, आणि तिने काचेवरून, त्या बटनावरून, अंगठा फिरवला.