भाऊजी आणि पेट्रोलचं झाकण

बऱ्हाणपुरात शूर माणसं पुष्कळ होऊन गेली असतील, पण माझ्या थोरल्या दिरांइतका मन लावून भिणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर झालेला नाही, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. पालीला, विजेला कुणीही भितं हो. भाऊजी भोकांना भितात. भोक दिसलं की त्यातून काहीतरी आत शिरणार नाहीतर बाहेर पडणार, आणि घराचं वाटोळं करूनच थांबणार, अशी त्यांची खात्री. मी लग्न होऊन सिंधीपुऱ्यातल्या घरात आले तेव्हा मोरीच्या भोकात सापासाठी बोळा होता, कुलपाच्या भोकात चोराच्या डोळ्यासाठी मेण होतं आणि भाऊजींच्या दोन्ही कानांत गोमेसाठी कापूस होता. नमस्काराला वाकले तर म्हणाले, "सांभाळून पोरी, फरशी ओली आहे." फरशी कोरडी ठणठणीत होती. शाळेत चित्रकला शिकवायचे, लग्न केलं नाही. एकदा मी धीर करून कारण विचारलं तर म्हणाले, "परक्याच्या पोरीला आपल्या घरात काही झालं, तर तिच्या बापाला काय तोंड दाखवायचं?" घ्या आता!

अशा माणसाने गाडी घ्यावी, हेच नवल. पण बसचे ड्रायव्हर फार पळवतात या भीतीने त्यांनी एक जुनी पेट्रोल व्हॅन घेतली आणि ती बैलगाडीला लाज वाटेल इतक्या बेताने चालवू लागले. पेट्रोलच्या काट्यावर त्यांचा भरवसा नव्हता. गाडी थांबली की झाकण उघडून टाकीत वेताची छडी बुडवायची आणि किती ओली झाली ते बघायचं. सीटखाली गोड्या तेलाची बाटली असायची. आसीरगडाच्या घाटात एक जखमी म्हातारा वाटसरूंकडे तेल मागतो असं आमच्याकडे म्हणतात. त्याने मागितलं आणि नसलं तर? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, आमचे भाऊजी त्याच्यासाठी तेलसुद्धा घेऊन निघायचे.

दिवाळीनंतर ही व्हॅन मिसिंग करायला लागली. गावात नीट चालायची; वीसेक किलोमीटर लांब गेली की धक्के द्यायची, घुसमटायची आणि बंद पडायची. भाऊजी उतरायचे, मारुतीचं नाव घ्यायचे, छडी बुडवायचे, आणि गाडी पुन्हा सुरू! लोधीपुऱ्यातल्या मिस्त्रीने प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर धुतला, पेट्रोलचा पंपही नवा बसवला. त्याच्या दारात मात्र ती कधी खोकलीसुद्धा नाही. "अंकल," तो म्हणायचा, "डॉक्टर के सामने किसी का दाँत दुखता है क्या? बीमारी सामने आएगी, तब पकड़ेंगे."

मला हसू यायचं, पण सातवा महिना लागला आणि हसू पळालं. माझं बीपी चढलेलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारलं की इथे थांबायचं नाही, सरळ खंडवा गाठायचं. नवरा नोकरीला सुरतेत. मी व्हॅनकडे बघायची आणि पोटावर हात ठेवून म्हणायची, बाई गं, तेवढ्या दिवशी दगा देऊ नकोस.

तो दिवस महिनाभर आधीच आला. भरदुपारी भांडी घासताना डोकं ठणकायला लागलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर ती धूलकोटला गेलेली. शेजारी कुणाची गाडी नाही. भाऊजींनी मला मागच्या सीटवर निजवलं. लावताना किल्ली तीनदा खाली पडली.

घाट लागला आणि व्हॅनने पहिला धक्का दिला. मग दुसरा. मग ऐन चढावर बंद. मागे केळीचे ट्रक हॉर्न मारून जीव खात होते. मला वाटलं, संपलं सगळं, बाळ आणि मी इथेच राहणार. भाऊजींनी चाकाला दगड लावला, झाकण उघडलं, आणि माझ्या डोक्यापाशीच आवाज आला, फुस्स! गाडी सुरू झाली. चार किलोमीटरवर पुन्हा धक्के, पुन्हा बंद, पुन्हा झाकण, पुन्हा फुस्स. अहो, हा आवाज माझ्या ओळखीचा! लोणच्याची घट्ट बसलेली बरणी उघडताना ती अशीच हवा ओढून घेते. टाकीत हवाच जात नव्हती, मग पेट्रोल पुढे सरकणार कसं?

"भाऊजी! झाकणाला काय केलंत?" मी ओरडले.

ते खाली बघत म्हणाले, "बारीक भोक होतं गं आतून. दिवाळीत फटाके... वाफ बाहेर आली, ठिणगी पडली तर? ट्यूबचा तुकडा चिकटवला, सोल्यूशन लावून."

तो तुकडा त्यांनी नखांनी ओरबाडला, दातांनी ओढला. भाऊजींचं काम ते, निघतंय कशाला!

"उघडी टाकी ठेवून चला."

"उघडी? पोरी, भडका उडेल!"

"उडेल तेव्हा उडेल! मी आत्ता मरतेय!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. झाकण खिशात टाकलं, टाकीच्या तोंडावर रुमाल सैल पसरून बांधला आणि गाडीत बसले. मग माझ्या दिरांनी, पेट्रोल पंपावर श्वास रोखून धरणाऱ्या माणसाने, उघड्या टाकीची व्हॅन साठच्या वेगाने खंडव्यापर्यंत मारली. एक धक्का नाही की गचका नाही. दर दोन मिनिटांनी विचारायचे, "पोरी, आहेस ना?" मी म्हणायची, "आहे." माझा आवाज बारीक होत चालला होता, तरी त्यांना ऐकू जात होतं. तेव्हा माझं लक्ष गेलं, त्यांचे कान उघडे होते. कापसाचे बोळे समोर काचेपाशी पडले होते.

मुलगी आता चौथीत आहे. लोधीपुऱ्याच्या मिस्त्रीने ते झाकण बघून कपाळावर हात मारला होता, आणि भाऊजी महिनाभर माझ्यासमोर आले नव्हते. भीती काही गेली नाही. मोरीत बोळा आहे, कुलपात मेण आहे. व्हॅन विकली. भाऊजी थकले, कानांत कापूस असो नसो, त्यांना ऐकू येत नाही. तरी दिवेलागणीला बोळे काढून हातात धरतात आणि ओसरीवरून हाक मारतात, "पोरी, आहेस ना?" मी स्वयंपाकघरातून "आहे" म्हणते. ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून गॅस बारीक करते आणि बाहेर जाऊन त्यांच्या समोर उभी राहते.