एक दिवसाआड मिरची

माझं माहेर कोकणातलं. आमच्याकडे तिखट म्हणजे आमटीत दोन मिरच्या. लग्न होऊन सोलापूरला आले आणि शेंगाचटणीच्या पहिल्याच घासाला कानातून धूर निघाला. इथली माणसं ती कडक भाकरीवर घेऊन, वर कच्चं तेल ओतून मिटक्या मारत खात. माझ्या पोटात मात्र असा पीळ पडायचा की जेवून उठले की भिंतीला पाठ टेकून बसावं लागे.

सासूबाई इथल्याच, जवळच्या वळसंग गावच्या. त्या म्हणायच्या, "रोज खा. पोट शिकतं की!" नवरा होटगी स्टेशनवर तारबाबू, त्यानं डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "तिखट साफ बंद." आता ऐकू तरी कुणाचं? मी पडले अतिशहाणी! एक दिवस सासूबाईंचा, एक दिवस डॉक्टरांचा, असं करून दोघांचाही मान राखला. डॉक्टरांच्या दिवशी पानातली चटणी गुपचूप मोरीत सोडायची आणि वर तांब्याभर पाणी ओतायचं.

दुखणं वाढतच गेलं. सासूबाईंनी ठरवलं, दिवाळीपर्यंत उतार पडला नाही तर हिला माहेरी धाडायची. शेजारची सून अशीच 'बरी होऊन ये' म्हणून गेली होती, तिला तीन वर्षं झाली तरी बोलावणं नव्हतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरांकडे जाऊन मी सगळं कबूल केलं.

ते आधी हसले, मग विचारात पडले. कॉलेजात त्यांनी बेडकाच्या जठराची पट्टी मिठाच्या पाण्यात टांगलेली पाहिली होती. मिरचीच्या अर्काचा थेंब पडला की ती आखडायची, मग सैल पडायची. थेंबामागून थेंब टाकत राहिलं की पुढे ढिम्म हलायची नाही. मध्ये विसावा मिळाला, जसा माझ्या पोटाला एक दिवसाआड मिळत होता, की पुन्हा आखडायची.

"म्हणजे सासूबाईंचंच खरं?"

"बेडकापुरतं. तुमच्या पोटाचं मला तरी कुठं नक्की ठाऊक आहे?"

घ्या! एवढा शिकलेला माणूस, तोही बेडकाकडे बोट दाखवून मोकळा. मी चिडून घरी आले.

सासूबाई उखळात शेंगा कुटत होत्या. मी मोरीतल्या चटणीसकट सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ट्रंक भरायला सांगणार. मुसळ थांबलं.

"ल्हानपनापासनं रोज खातिया मी," त्या म्हणाल्या.

"मग शिकलं ना पोट?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. "कुठलं शिकतंय! आजून दुकतं की. कुनाला सांगितलं न्हाय, येवढंच. सांगितलं असतं तर मलाबी धाडली असती."

मला रडूच कोसळलं. पोट शिकतं की बाई गप्प बसायला शिकते, हे मला आजही उमगलेलं नाही. मी मुसळ हातात घेतलं आणि आम्हा दोघींपुरती बिनमिरचीची चटणी वेगळी कुटली. दिवाळीला मी सोलापुरातच होते.