पाहुण्यांसाठी थांबवलेले माग

आमच्या साडूंएवढा भित्रा उद्योजक अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही. अनोळखी नंबरवरून फोन आला की ते आधी चप्पल घालतात, मग उचलतात. लिफ्ट नको म्हणून बँकेचे जिने चढतात आणि वर पोचल्यावर दम लागला म्हणून न बोलताच परत येतात. पण त्यांची सगळ्यात मोठी भीती एकच: अक्कलकोट रोड एमआयडीसीतला वडिलांचा टॉवेलचा कारखाना बंद पडण्याची. माग जुने झालेत. नवे घेतले नाहीत, तर कारखानाच भंगारात काढावा लागेल, हे त्यांना माहीत आहे. कारखान्यामागेच घर, मागांच्या खडखडाटात ते गाढ झोपतात आणि वीज गेली की दचकून उठतात.

शेवटी लेकीनं पुण्याच्या एका गुंतवणूकदार बाईंना कारखाना बघायला बोलावलं. त्या दिवसापासून साडूंचं जेवण उडालं. लेकीनं केलेल्या सादरीकरणात ‘धोके’ नावाचं एक पान होतं. ह्यांनी त्यात भूकंप, पूर, दृष्ट आणि ‘मालकाला झोप न येणे’ हेही घालायला लावलं. ‘वीस टक्के हिस्सा’ ऐकल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, “साडूभाऊ, वीस टक्के म्हंजे कुटनं कुटवर ओ? वडलांचा माग त्यात जातोय का काय?” मी हसलो.

बाई आल्या आणि साडूंनी मेन स्विच पाडला. पाहुण्याशी बोलताना माग थांबवायचे, हा त्यांच्या वडिलांचा दंडक. मोठा मान तो. माझ्यासाठी कधी थांबवले नव्हते. माग थांबले म्हटल्यावर कामगार नेहमीप्रमाणे चहाला गेले. त्या रिकाम्या, चिडीचूप कारखान्यात बाईंनी मृदू आवाजात विचारलं, “कधीपासून बंद आहे?”

ज्या शब्दाला आयुष्यभर भ्यायले, तोच समोर आल्यावर साडूंची वाचाच गेली. मीच घाईघाईनं म्हणालो, “बंद नाही हो, तुमच्या मानासाठी थांबवलेत!” बाई “अच्छा” म्हणाल्या आणि घड्याळाकडे बघितलं. टपरीवरून कामगारांना गोळा करून माग सुरू होईपर्यंत त्यांची गाडी निघून गेली होती. त्या खडखडाटात साडू माझ्या कानाशी ओरडले, “‘चालू हाय’ म्हनायचं होतं की नुसतं! तेवढं बी तोंडातनं निघालं न्हाई बगा.”

जाताना बाई ‘कळवते’ म्हणाल्या होत्या, अजून पुण्याहून काही आलेलं नाही. पूर्वी मी साडूंच्या भित्रेपणाची नक्कल करून घरच्यांना हसवायचो. आता करवत नाही, कारण ती भीती मलाही लागली आहे. कामावरून येताना मी वाकडी वाट करून एमआयडीसीच्या कोपऱ्यावर स्कूटर बंद करतो आणि कान देतो. खडखडाट आला की पुढे निघतो.

काल मात्र बराच वेळ उभं राहावं लागलं. मग एकाच मागाचा आवाज आला, साडूंच्या वडिलांचाच असावा, आणि तो थांबू नये म्हणून मी तिथून हललोच नाही.