नवमीला निजलेला सर्व्हर

बिरदेव मेंढक्याची पोरगी दीपिका परभणीहून कॉम्प्युटर शिकून आली आणि घरातल्या फळीवर एक जुनी मशिन मांडून बसली. हा म्हणे सर्व्हर. आपल्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवायच्यात, असं शेतकऱ्यानं मोबाइलवर सांगायचं. जवळ कुणाचा कळप आहे ते या सर्व्हरनं हुडकून कळवायचं. आपल्या लोकांची माहिती परक्याच्या दारात कशाला, म्हणून तो घरातच हवा, हा तिचा हट्ट. आठ दिवस डोकं खाऊन गडी एकदाचा उत्तर द्यायला लागला, तेव्हा पोरगी घरभर नाचली.

बाप मात्र ढिम्म हलेना. मेंढक्यांत बिरदेवाचा शब्द चाले. "समद्यांपुढं चालवून दाव. न्हाई चाललं तर हे खूळ बंद," तो म्हणाला.

दीपिकानं दिवस धरला खंडेनवमीचा, कारण त्या दिवशी सगळे मेंढके पोखर्णीच्या देवळापाशी जमणार होते. वीसेक जण गोल करून बसले. तिनं मोबाइल दाबला. उत्तर नाही. पुन्हा दाबला, हूं नाही की चूं नाही. तिचं तोंड एवढंसं झालं. तिनं घरी फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"आजी, मशिन चालू हाय का?"

"आजोबांनी बंद केलीय की," नर्मदाबाई म्हणाली. "कुऱ्हाड, कातर आन् तुझी मशिन, समद्यांची पूजा झाली. झेंडू वाहिलाय."

मागून म्हातारा ग्यानबा कडाडला, "नवमीला हत्यार राबवत नसतेत, येवढंबी कळंना व्हय? लय शिकलीस म्हणं!"

झालं, सगळं मुसळ केरात. बापाकडं बघायची दीपिकाची छाती होईना. मेंढके मात्र पोट धरून हसायलेले. म्हातारा लिंबाजी म्हणाला, "चूक पोरीचीच हाय. आज आपण तरी कातर धरतो का?"

"उद्या घरी या समदे," बिरदेव एवढंच बोलला.

दसऱ्याला ग्यानबानं स्वतः बटण दाबलं. शेजारच्या रंगनाथनं आपल्या रानासाठी मेंढ्या मागितल्या. चटकन उत्तर आलं: जवळ कळप नाही.

"न्हाई कसा?" बिरदेव उखडला. "ह्यो काय भायेर माझा कळप!"

"तुमचं नावच न्हाई त्यात, आबा," दीपिका बापाला म्हणाली.

"मग घाल की!"

दीपिका आनंदानं फुलून गेली. तिनं रकाना वाचला, "कळप कुणाचा?"

"बिरदेव ग्यानबा." बाप म्हणाला. "आन् म्होरं लिही, दीपिका बिरदेव. दोघांचा हाय."

दीपिकाला अक्षरं दिसेनात, डोळे भरून आलेले. लिंबाजी मागून म्हणाला, "लिही की माय लवकर, आमी रांगेत हाव."