माहेर निघालं स्पेनला

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. अक्कानं फोनवर दिवस गेल्याचं सांगितलं तेव्हा आईनं हसून, रडून झाल्यावर पहिला प्रश्न तोच विचारला, "मग इकडं कधी यायलीस?"

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती स्पेनमध्ये, वालेन्सिया नावाच्या समुद्राकाठच्या शहरात, संत्र्याच्या झाडांच्या रोगांवर संशोधन करते. दाजीही तिथंच नोकरीला आहेत. तिचा रक्तदाब वरखाली व्हायचा, म्हणून डॉक्टरीणबाईंनी लांबचा विमानप्रवास बंद केला होता. बाळ येणार होतं ऐन थंडीत.

"मला येता येणार न्हाई, आई," ती म्हणाली. एवढंच. पण ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज मी तिच्या दहावीच्या निकालानंतर ऐकला नव्हता. तिला आई हवी होती.

अप्पांनी माझ्या हातातला फोन ओढून घेतला. "तू येऊ नको. माहेरच तिकडं यायलंय! थंडीचे तीन महिने, तिघंबी!"

बस, त्या क्षणापासून आमच्या घराचा ताबा सुटला.

आमचं गाव मेहकर. बुलढाण्यातलं नाही, कानडी मुलखातल्या भालकी तालुक्यातलं. अप्पा बसमध्ये कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मोबाइलवरून स्पॅनिश शिकायला घेतलं आणि "ग्रासियास" हा एकच शब्द इतका पाठ केला, की दूध घालणाऱ्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांचे आभार स्पॅनिशमध्ये मानले जाऊ लागले. मी लग्नातल्या उधळपट्टीविरुद्ध पत्रक लिहायला बसले होते. ते बाजूला ठेवून स्वेटरांचे फोटो बघू लागले. तत्त्व तत्त्वाच्या जागी, पण तो लाल स्वेटर खरंच सुंदर होता.

"थंडी लई असती का गं तिकडं?" आईनं फोनवर अक्काला विचारलं.

"जनवाड्याला आत्याकडं डिसेंबरात असती तेवढीच. दुपारी मस्त ऊन पडतंय."

"मग स्पेनला कामून जायचं? जनवाडाच बरा की," आई म्हणाली. आम्ही हसलो. ती हसली नाही. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "तूर कोण काढंल?"

आमची तूर नेमकी त्याच दिवसांत काढणीला येते.

"मजूर लावू," अप्पा म्हणाले.

"मजूर कुठं हायत? तवा समदे आपापल्या रानात असतेत."

"मग सावडीनं काढतील की लोकं."

"आन ती सावड फेडाया मी कुठं असणार? स्पेनात?"

सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या रानात, उद्या मी तुमच्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. ऐकायला सोपं आहे, पण आमच्या घराला ते सोपं नव्हतं. आम्ही बौद्ध. आजीच्या काळात आमच्या माणसांना दुसऱ्याच्या रानात बोलावणं यायचं ते कामाला, सावडीला नाही. सावड बरोबरीच्यांत होते. आई नवी नवरी असताना शेजारच्या रानातल्या काकूची भुईमुगाची खुरपणी अडली होती. ही कुणी न बोलावता खुरपं घेऊन गेली आणि तिच्या ओळीत बसली. संध्याकाळी मजुरी द्यायला लागल्यावर म्हणाली, "पैसे नको. आमच्या खुरपणीला या." काकूच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती, शेती अलीकडची. तिच्या सासऱ्यानं कुरकुर केली म्हणे. पण काकू आली. तेव्हापासून आमचं घर सावडीत आहे.

"फेडता न आलेली सावड म्हंजे मेहेरबानी," आई म्हणाली. "मेहेरबानी मी घेत न्हाई. पोरीसाठी जीव तुटायलाय, पन घेत न्हाई."

घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती तेव्हा मी पत्रकांवर वाचायला शिकले. सभेची, मोर्च्याची, जयंतीची, गुलाबी आणि पिवळ्या कागदावरची. समता हा शब्द मी "कमळ"च्या आधी वाचला असेन. आता तीच समता आमच्या स्पेनच्या आड उभी राहिली होती, आणि मला तिचा अभिमानही वाटत होता आणि रागही येत होता. मी आईपुढं मोठं भाषण केलं. लेकीच्या बाळंतपणाला जाणं हा बाईचा हक्क आहे, शेत हे बाईच्या पायातली बेडी होता कामा नये, वगैरे. आईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बरोबर हाय. आता तूर कोण काढंल ते सांग."

अप्पांचा कुठल्याही अडचणीवर एकच इलाज, पत्रक छापणे. गावात पाणी आलं नाही, पत्रक. शिक्षक हजर नाही, पत्रक. म्हशीला लस टोचून घ्या, पत्रक. त्यांनी मजकूर लिहिला: आमची मोठी मुलगी स्पेन देशी बाळंत होणार असून आम्ही उभयता व धाकटी कन्या तिकडे जाण्याचे योजिले आहे, सबब तुरीच्या काढणीबाबत विचारविनिमय करण्यासाठी रविवारी सकाळी आमच्या अंगणात यावे. भालकीच्या एका छापखान्यात देऊन आले. छापखानेवाल्यानं आयुष्यभर जयंत्यांची आणि लग्नांचीच पत्रकं छापलेली. शेवटची ओळ त्यानं सवयीनं घातली, आणि वर "स्थळ" म्हणून जे गाव सापडलं ते टाकलं. पत्रक गावभर वाटून झाल्यावर मी वाचलं:

"स्थळ : स्पेन. तरी सर्वांनी सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी, ही नम्र विनंती."

रविवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती.

"अण्णा, जीप करायलाव का ट्रॅक्टर?" एकानं अप्पांना विचारलं.

"आमी सहा जन हाव. म्हातारीला खिडकीची जागा लागती."

"जेवन कुनाकडं हाय? शाकाहारी हाय का समदं?"

"ग्रासियास, ग्रासियास," अप्पा हात जोडत म्हणत होते, जणू त्यानं सगळं निस्तरणार होतं.

आई स्वयंपाकघरातून बाहेर यायला तयार नव्हती. "गावभर बोभाटा केला! आता जाऊन तोंड कसं दाखवू?" ती आतून ओरडली. शेवटी काकूच आत गेली. मी दाराशी उभी होते.

"कामून रुसलीस गं?" काकू म्हणाली.

"मला सावड घ्यायची न्हाई. मला फेडता येनार न्हाई."

"मग आधी फेड."

"ऑं?"

"सोयाबीन काढायला आलंय आमचं समद्यांचं. आता तुमी तिघं या. तवा तुरीला आमी येताव. दिवसाला दिवस. पुढं काय न् मागं काय?"

"असं कुठं असतंय?"

"कामून नसतंय? तू न बोलावता येऊन बसलीस माझ्या रानात, ते तरी कुठं असतंय?"

आई पदरानं तोंड पुसून बाहेर आली आणि अंगणातल्या सगळ्यांना म्हणाली, "व्हय. पन तिघांचे दिवस तिघांनीच भरायचे. ह्यांनी बी, हिनं बी." आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजून कंबर धरून हसू येतं. श्रमप्रतिष्ठेवर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. सोयाबीनची सुकलेली शेंग बोटाला कशी टोचते, यावर त्यात एक ओळ नव्हती. अप्पा विळा चालवताना दर ओळीच्या टोकाला "पुढं सरका, पुढं सरका!" असं ओरडायचे, आणि बायका खरंच पुढं सरकायच्या. दुपारी बांधावर भाकरी खाताना स्पेनच्या चौकशा. तिथं गवार मिळते का? बाळाला न्हाऊ घालायला पाणी गरम करतात तरी कशावर? आणि तिथली माणसं दुपारी झोपतात, हे मी सांगितल्यावर सगळं रान एकमतानं स्पेनच्या बाजूनं झालं. आई ओळीत सगळ्यांच्या पुढं असायची. कुणाचा दिवस राहू नये म्हणून ती दिवस मावळला तरी विळा ठेवायची नाही. रात्री अक्काशी बोलताना मात्र पहिल्यांदाच म्हणाली, "सुंठ आनू का डिंक? का दोन्ही?" पलीकडून अक्का इतकी मोठ्यानं ओरडली की फोनचा आवाज फाटला.

सोयाबीन संपलं, आणि आम्ही व्हिसासाठी रेल्वेनं बेंगळूरला गेलो. कागद सगळे बरोबर होते. शेवटी बोटांचे ठसे. अप्पांचे उठले, माझे उठले. आईनं काचेवर बोटं ठेवली. लाल दिवा. पुन्हा ठेवली. लाल. पुसून, फुंकून, दाबून. लालच.

टेबलामागची मुलगी कन्नडमध्ये म्हणाली, "अम्मा, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत."

आईनं स्वतःची बोटं वर करून पाहिली. सोयाबीननं सोलवटलेली, आधीच्या सगळ्या वर्षांनी घासलेली. "सावडीत गेल्या," ती कन्नडमध्येच म्हणाली, आणि मग मराठीत, आमच्याकडं न बघता, "आता?"

त्या मुलीचा चेहरा पडला. ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात परत या. तोवर हाताला तेल, तूप, काय लागेल ते लावा. आणि काम करू देऊ नका.

आईला काम करू द्यायचं नाही! सरकारचा एखादा हुकूम मला इतका आवडेल असं कधी वाटलं नव्हतं. घरी आल्या आल्या मी भिंतीवर कोळशानं लिहिलं : आईचा हात पाण्यात जाणार नाही. अप्पांनी खाली सही केली. भांडी अप्पांकडं, भाकरी माझ्याकडं. माझी भाकरी बघून काकू म्हणाली, "हे स्पेनचंच हाय वाटतं." काकू रोज साय घेऊन यायची, दुसरी एक मावशी एरंडेल. आई ओट्यावर दोन्ही हात पुढं धरून बसलेली, लग्नातल्या मेंदीच्या नवरीसारखी, आणि तोंडानं सगळ्या घराला राबवत होती. "तो तवा घासला का घाबरवला? मीठ घाल. न्हाई घातलंस, मला हितून दिसतंय." एकदा मी तिला चोरून लसूण सोलताना पकडलं. ती खोडी सापडलेल्या पोरीसारखी हसली. मला आठवतं तेव्हापासून ती इतके दिवस कधी रिकामी बसली नव्हती. पहिले दोन दिवस तिला झोप लागली नाही, तिसऱ्या दिवशी ती दुपारी झोपली. अप्पा तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना म्हणाले, "हळू बोला. स्पेनची तयारी चालू हाय."

पुन्हा बेंगळूर. तीच खिडकी, तीच मुलगी. तिनं आईला ओळखलं, उठून उभी राहिली, आईचे हात आपल्या हातात घेऊन स्वच्छ पुसले. डावा हात. हिरवा. अंगठे. हिरवा. उजव्या हाताला लाल दिवा लागला आणि मागच्या रांगेतला एक अनोळखी सरदारजी "ओहो" म्हणाला. पुन्हा. आईनं डोळे मिटले आणि बोटं अशी दाबली, जणू काचेखालून काहीतरी उपटूनच काढणार आहे.

हिरवा.

अप्पा "ग्रासियास!" म्हणून इतक्या मोठ्यानं ओरडले की पहारेकरी धावत आला. ती मुलगी हसली, सरदारजी हसला, मी रडले.

बाहेर फुटपाथवर आईनं स्वतः फोन लावला. तिकडं पहाटच होती, अक्का उठलीही नव्हती.

"पोरी, ठसे उठले. आता त्यांनी शिक्का मारायचा तेवढा राहिलाय. यायलाव आमी." तिकडून नुसतं मुसमुसणं ऐकू आलं. आई म्हणाली, "रडू नको. उठ, कायतरी खा. आन हे बघ, मी आले की घरातलं समदं काम मी करनार. जावयाला सांगून ठेव. आता कुनी मला बसवायचं न्हाई."